डाएटला सुट्टी, टॉवेलला मान

‘‘अगं, आज कसला दिवस आहे माहितीये?’’ मे महिन्यात सकाळी सकाळी मैत्रिणीचा असा फोन आला, की आता मला दचकायला होत नाही. पूर्वी वाटायचं, संकष्टी विसरले की काय!

मुलांना उन्हाळ्याची सुट्टी लागली की आपली सुट्टी संपते, हे काही तुम्हाला वेगळं सांगायला नको. कुरडया, सांडगे, लोणच्याच्या कैऱ्या, माहेरपणाला आलेल्या नणंदा आणि त्यांची मुलं. त्यात आमचं सांगलीचं ऊन! म्हणून २०२३ च्या मे महिन्यात आम्ही सहाजणींनी ठरवलं, कॅलेंडरवर लाल रंगात नसलेले दिवस शोधायचे आणि ते आपल्यापुरते साजरे करायचे. शोधायचं काम अर्थात माझ्या लेकीचं.

पहिला सापडला ६ मे, ‘नो डाएट डे’. मेरी इव्हान्स यंग या ब्रिटिश बाईने १९९२ मध्ये तो सुरू केला. बारीक होण्याच्या नादात अन्न टाकण्याच्या आजारातून ती स्वतः गेली होती. लंडनच्या हाइड पार्कमध्ये मैत्रिणींसोबत डबे घेऊन बसायचं ठरलं, पण पाऊस आला आणि सगळ्याजणी तिच्या घरी जेवल्या. मला ही गोष्ट फारच आपल्यातली वाटली. बेत एक, होतं भलतंच, पण जेवणं होतातच!

आमचा नियम एकच, जिने जे खाणं सोडलंय तिने तेच करून आणायचं. बटाटेवडे आले, साय घातलेला आमरस आला, मीठ-मिरपूड लावलेली लोण्याची पोळी आली. एकीला शुगर आहे. तिने गोळी घेऊन मोजून दोन चमचे रस घेतला. दिनविशेष बघून मधुमेह काही रजेवर जात नाही.

त्याच दिवसाबद्दल एक गोष्ट सांगायची आहे, जी सांगायला मला जड जातंय.

आमच्यातल्या एकीचे यजमान २०२१ मध्ये गेले. ६ मेच्या आदल्या रात्री तिचा फोन आला. ‘‘यात हळदीकुंकू वगैरे नाही ना गं? असेल तर मी मागाहून येते.’’

माझ्या पोटात गोळाच आला. कारण दोनच आठवड्यांपूर्वी माझ्या घरी चैत्रातलं हळदीकुंकू झालं होतं आणि मी तिला बोलावलं नव्हतं. मी, म्हणजे जी बचत गटांच्या बैठकांत हेरवाडचं उदाहरण देत फिरते! शिरोळ तालुक्यातल्या या गावाने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्यावर मी वीस-वीस मिनिटं बोलले आहे. आणि घरी? सासूबाई काय म्हणतील, चार बायका काय म्हणतील, म्हणून सोपा रस्ता धरला. आंब्याची डाळ आणि पन्हं डब्यात भरून तिच्याकडे पाठवलं. डबा दुसऱ्या दिवशी घासूनपुसून परत आला. रिकामा पाठवू नये म्हणून आत वाटीभर साखर. वर एक अक्षर नाही.

त्या दिवशी ती आली, पाच वडे खाल्ले, सगळ्यांत जास्त हसली. या बिनमानाच्या दिवसांना सुवाष्ण लागत नाही, ओटी लागत नाही, हे मला तेव्हा लख्ख दिसलं. पण तिची माफी मागायला मला आणखी बरेच दिवस लागले.

दुसऱ्याच दिवशी मेचा पहिला रविवार, म्हणजे जागतिक हास्य दिन. हा मात्र आपला! डॉ. मदन कटारिया यांनी १९९५ मध्ये मुंबईच्या एका बागेत हास्य क्लब सुरू केला, त्यातून आलेला. सकाळी सहाला बागेत हात वर करून हसायला लागलो, तर वॉचमन धावत आला. त्याचा चेहरा बघून मग खरं हसू आलं.

आणि २५ मे, टॉवेल डे. डग्लस ॲडम्स या इंग्रज विनोदी लेखकाच्या चाहत्यांनी तो गेल्यावर २००१ मध्ये सुरू केलेला. त्याच्या कादंबरीत अंतराळ प्रवाशाला टॉवेल सगळ्यांत उपयोगाचा! त्या दिवशी टॉवेल मिरवायचा. आम्ही सहाजणी डोक्यावर टॉवेल घेऊन मंडईत गेलो. कुणी वळूनसुद्धा बघितलं नाही. मेच्या उन्हात निम्मी सांगली तशीच फिरते!

यंदा चैत्रात मी तिला बोलावायला स्वतः गेले. सासूबाईंना आधी सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत, माळ ओढत बसल्या. ती आली. मी कुंकवाचा करंडा पुढे केला, तर म्हणाली, ‘‘राहू दे गं, सवय मोडलीय. पन्हं दे, मोठा ग्लास.’’ आतून सासूबाईंचा आवाज आला, ‘‘वेलची घातलेलं दे तिला.’’

या ६ मेला वडे तिच्याकडे आहेत. बटाटे उकडून न्यायचं काम माझं.