भीड बाजूला ठेवून थेरपिस्ट शोधताना

दुकानदाराने दहा साड्या उलगडून दाखवल्या, आता रिकाम्या हाताने कसं उठायचं, म्हणून न आवडलेली साडी घेऊन येणारी माणसं आपल्या सगळ्यांच्या ओळखीची असतात. अशा भिडस्त माणसाने ऑनलाइन थेरपिस्ट शोधायला घेतला की तेच होतं. पदवी विचारायची लाज वाटते, फी परवडत नाही हे सांगायची त्याहून जास्त. चार सत्रं झाली, हाती काही लागलं नाही, तरी ‘माझ्यातच काही कमी असेल’ असं म्हणून पाचव्याचे पैसे भरले जातात. ज्या दुखण्यासाठी मदत हवी, तेच दुखणं मदत निवडताना आडवं येतं. या विषयातले गैरसमज म्हणूनच अशा माणसांना इतरांपेक्षा महागात पडतात.

‘एवढ्याशा गोष्टीसाठी थेरपिस्ट कशाला?’

स्वतःला कमी लेखणं हा काही आजार नाही, असं कुणी म्हटलं तर ते तांत्रिकदृष्ट्या खरं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात त्या नावाचं स्वतंत्र निदान नाही. पण त्यावरून मदतीची गरज नाही, असं मात्र ठरत नाही. ‘मी कुचकामी आहे’ ही भावना नैराश्याचं एक ठळक लक्षण आहे. झोप उडाली आहे, भूक गेली आहे, कशातच रस वाटत नाही, असं दोनेक आठवडे सलग चाललं असेल, तर प्रश्न केवळ स्वभावाचा राहत नाही आणि आधी नैराश्याची तपासणी व्हायला हवी.

तसं काही नसतानाही हे ओझं वाहणारे पुष्कळ असतात. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ मेलनी फेनेल यांनी १९९७ मध्ये त्याची एक मांडणी केली आणि ती आजही उपचारात वापरली जाते. लहानपणच्या अनुभवांतून माणूस स्वतःबद्दल एक निकाल देऊन टाकतो, उदाहरणार्थ ‘मी कमीच पडते’. त्या निकालासह जगता यावं म्हणून तो काही नियम बांधतो: कुणाला नाराज करायचं नाही, चूक दिसू द्यायची नाही. नियम पाळले जातात तोवर निभावतं. नियम मोडायची वेळ आली की छातीत धडधडतं, माणूस मागे सरतो, आणि मागे सरल्यामुळे मूळ निकाल आणखी पक्का होतो.

बँकेत काम करणारी एक मुलगी डोळ्यांसमोर आणा. बैठकीत तिला हिशेबातली चूक दिसते, पण ती बोलत नाही. नंतर तीच चूक दुसरा कुणी दाखवतो आणि साहेब त्याचं कौतुक करतात. घरी येताना तिच्या मनात एकच वाक्य: ‘मला साधं तोंड उघडता येत नाही.’ अशा प्रसंगावर थेरपिस्ट तिच्यासोबत कागदावर किंवा स्क्रीनवरच्या तक्त्यात काम करतो. बोलण्याआधी नेमकी कसली भीती वाटली? ‘सगळे हसतील’ याची किती टक्के खात्री होती? आजवर किती वेळा हसले? पुढच्या बैठकीत एकच प्रश्न विचारायचा आणि काय घडतं ते लिहून आणायचं. धीराच्या भाषणाऐवजी इथे भाकीत केलं जातं आणि मग ते पडताळून पाहिलं जातं.

‘थेरपिस्ट आपला आत्मविश्वास वाढवून देतो’

हा गैरसमज सगळ्यांत गोड आहे, म्हणून त्यावर जरा थांबायला हवं. १९८६ मध्ये अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने आत्मसन्मान वाढवण्यासाठी चक्क सरकारी कार्यदल नेमलं. लोकांचं स्वतःबद्दलचं मत उंचावलं की गुन्हे, व्यसनं, शाळेतलं अपयश, सगळं ओसरेल, अशी आशा होती. २००३ मध्ये रॉय बाउमायस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपलब्ध संशोधनाचा मोठा आढावा घेतला. आत्मसन्मान फुगवल्याने अभ्यासातली कामगिरी सुधारते, याला त्यात आधार सापडला नाही. उलट, चांगल्या कामगिरीच्या मागून आत्मसन्मान येतो, असं बऱ्याच ठिकाणी दिसलं.

आरशासमोर उभं राहून ‘मी उत्तम आहे’ म्हणण्याचं काय? कॅनडातल्या जोॲन वुड यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना ‘मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे’ हे वाक्य मनाशी पुनःपुन्हा म्हणायला लावलं. ज्यांचं स्वतःबद्दलचं मत आधीच बरं होतं, त्यांना थोडं बरं वाटलं. ज्यांचं वाईट होतं, त्यांना ते वाक्य न म्हणणाऱ्यांपेक्षा वाईट वाटलं. यात नवल नाही. जे वाक्य मनाला पटत नाही ते पुनःपुन्हा म्हटलं की मन लगेच त्याविरुद्धचे पुरावे काढायला बसतं.

याच्याही पुढे गेले ते अल्बर्ट एलिस. विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धतीची सुरुवात त्यांनी १९५५ मध्ये केली. स्वतःला गुण देण्याची सवयच सोडावी, असा त्यांचा आग्रह होता. आपल्या एखाद्या कृतीचं मूल्यमापन जरूर करावं, पण अख्ख्या माणसाला पास-नापास ठरवू नये. स्वतःचा स्वीकार विनाअट असावा. हा विचार महाराष्ट्रात रुजवला तो मुंबईच्या कि. मो. फडके यांनी. एलिस न्यूयॉर्कमध्ये आणि फडके मुंबईत, आणि दोघांमधला पत्रव्यवहार कित्येक वर्षं चालला. मन घडवणारा संवाद समोरासमोर बसूनच होतो असं मानणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात घ्यावं.

तेव्हा पहिल्याच भेटीत ‘तीन सत्रांत आत्मविश्वास’ अशी हमी देणारा कुणी भेटला, तर तिथून उठावं. व्हिडिओ कॉलवरून उठणं तर सोपंच आहे.

‘स्क्रीनवर काय कळणार?’

स्वीडनचे पेर कार्लब्रिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये २० अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. विचार आणि वर्तनावर काम करणारी उपचारपद्धती इंटरनेटवरून, थेरपिस्टच्या मार्गदर्शनाखाली दिली तर आणि समोरासमोर दिली तर, दोन्हींचा परिणाम जवळपास सारखा निघाला. ते अभ्यास मुख्यतः चिंता, नैराश्य अशा तक्रारींवरचे होते, पण आत्मसन्मानावर काम करतानाही बहुतेकदा हीच तंत्रं वापरतात.

आपल्याकडेही हे नवं राहिलेलं नाही. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या ‘आयकॉल’ने २०१२ पासून फोन आणि ईमेलवरून समुपदेशन सुरू केलं. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही मोफत सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

खरी अडचण स्क्रीनची नसते, घराची असते. दोन खोल्यांच्या घरात सासूबाई टीव्ही पाहत असताना स्वतःबद्दल मनमोकळं बोलणार कसं? लोक गच्चीवर जातात, उभ्या गाडीत बसतात, ऑफिस सुटल्यावर रिकाम्या मीटिंग रूममध्ये थांबतात. थेरपिस्टला हे आधीच सांगून ठेवावं. कुणी खोलीत आलं तर विषय बदलायचा, असा संकेत ठरवता येतो. कॅमेरा बंद ठेवून नुसतं बोलायलाही बहुतेक जण तयार असतात. आणखी एक बारीक गोष्ट: व्हिडिओ कॉलमध्ये कोपऱ्यात आपलाच चेहरा दिसत राहतो, आणि स्वतःच्या दिसण्यावर आधीच नाराज असलेल्या माणसाचं अर्धं लक्ष तिथेच अडकतं. ती चौकट फक्त आपल्यापुरती लपवण्याची सोय अनेक ॲपमध्ये आहे. ती जरूर वापरावी.

ऑनलाइनचा मला सर्वांत मोठा वाटणारा फायदा भाषेचा आहे. ‘तुला मेलीला काही जमायचं नाही’ असं मनातल्या मनात जो आवाज बोलतो, तो मराठीतच बोलतो. त्याला इंग्रजीत उत्तर देत बसलं की उत्तरातला निम्मा जीव निघून जातो. गडचिरोलीत किंवा बेळगावात राहणाऱ्याला मराठी बोलणारा थेरपिस्ट आता पुण्याहून किंवा ठाण्याहूनही मिळू शकतो.

परदेशातल्या मराठी माणसांची गोष्ट मात्र थोडी वेगळी आहे. अमेरिकेत थेरपिस्टचा परवाना राज्यागणिक असतो आणि ग्राहक ज्या राज्यात बसला आहे त्या राज्याचे नियम लागू होतात. न्यू जर्सीत बसून पुण्यातल्या थेरपिस्टशी बोलायचं असेल तर ‘तुम्हाला इथल्या लोकांना सेवा देता येते का?’ हे स्पष्ट विचारायला हवं.

‘नावापुढे थेरपिस्ट लिहिलंय म्हणजे शिकलेला असणारच’

नाही. सगळ्यांत जास्त फसगत इथे होते. ‘थेरपिस्ट’ किंवा ‘लाइफ कोच’ ही पाटी लावण्यापासून भारतात कुणाला सहजी अडवता येत नाही. दोन दिवसांच्या कार्यशाळेचं प्रमाणपत्र आणि भरपूर फॉलोअर एवढ्या भांडवलावर सत्रं विकणारे पुष्कळ आहेत.

मनोविकारतज्ज्ञ, म्हणजे सायकियाट्रिस्ट, हा डॉक्टर असतो. त्याची नोंदणी महाराष्ट्र वैद्यक परिषदेसारख्या राज्य परिषदेत असते आणि या सगळ्यांत औषध तोच लिहून देऊ शकतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. १९९२ च्या कायद्याने ही नोंदवही आली आणि ती परिषदेच्या संकेतस्थळावर नाव किंवा क्रमांक घालून पाहता येते. समुपदेशक आणि इतर मानसशास्त्रज्ञांचं चित्र अजून धूसर आहे. २०२१ च्या आरोग्य व्यावसायिकांच्या कायद्यात त्यांचाही समावेश झाला, पण त्या नोंदणीची घडी बसायची आहे. तोवर मानसशास्त्र किंवा समुपदेशनातली पदव्युत्तर पदवी आहे का, आणि कुणा अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखाली काम केलं आहे का, हे दोन प्रश्न विचारायचेच.

देखरेखीवर एवढा भर देण्याचं कारण गोव्यात सापडतं. तिथल्या ‘संगत’ या संस्थेने मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिकांना प्रशिक्षण दिलं आणि त्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या रुग्णांसोबत काम केलं. १० केंद्रांतल्या ४९५ जणांवरचा हा प्रयोग २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापला. नेहमीच्या उपचाराला सहा ते आठ भेटींच्या समुपदेशनाची जोड दिली, त्या गटात जास्त सुधारणा दिसली. ते समुपदेशक पदवीवाचून काम करू शकले, कारण ठरवून दिलेली पद्धत होती, नेमकं प्रशिक्षण होतं आणि कामाची नियमित तपासणी होती. इन्स्टाग्रामवरच्या स्वयंघोषित मार्गदर्शकाकडे यातलं काय आहे, हे ज्याचं त्याने पाहावं.

थेरपी वर्षानुवर्षं चालते, ही समजूतही त्या सहा-आठ भेटींनी बरीच सैल व्हायला हवी. जुनं, खोलवरचं दुखणं असेल तर वेळ जास्त लागतो, पण साधारण किती भेटी लागतील आणि प्रगती कशी मोजायची, हे सुरुवातीलाच बोललं जायला हवं. मॉरिस रोझेनबर्ग यांची १९६५ ची दहा विधानांची प्रश्नावली अनेक थेरपिस्ट वापरतात. ती दर काही आठवड्यांनी भरली की फरक पडतोय का ते दोघांनाही दिसतं.

‘ॲपवर बोललेलं ॲपमध्येच राहतं’

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. त्याला अपवाद आहेत: जिवाला धोका, न्यायालयाचा आदेश; आणि बालकावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती कळवणं तर ‘पॉक्सो’ कायद्याने बंधनकारकच आहे. थेरपिस्टने हे अपवाद पहिल्याच भेटीत सांगायला हवेत.

पण तुम्ही आणि थेरपिस्ट यांच्या मधे कंपनी आली की प्रश्न बदलतो. अमेरिकेतल्या ‘बेटरहेल्प’ या मोठ्या ऑनलाइन थेरपी कंपनीने ग्राहकांची माहिती जाहिरातींसाठी फेसबुक, स्नॅपचॅट अशा कंपन्यांना दिल्याचा ठपका तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने ठेवला, आणि २०२३ मध्ये तिला ७८ लाख डॉलर द्यावे लागले. लोकांनी भरलेल्या प्रश्नावलीतून आणि ईमेल पत्त्यांतून ही माहिती गेली होती. नाव नोंदवतानाच ‘तुम्हाला स्वतःबद्दल काय वाटतं?’ असं विचारणाऱ्या ॲपला उत्तर देण्याआधी, ती उत्तरं कुणाच्या हाती जातात ते वाचून घ्यावं.

चॅटबॉटबद्दल एवढंच म्हणेन की रात्री दोन वाजता मन मोकळं करायला तो मिळतो, पण तुमच्या हो ला हो मिळवण्याकडे त्याचा कल असतो. स्वतःवरचा चुकीचा निकाल तपासायचा असेल तर ‘थांबा, हे तुम्ही कशावरून म्हणता?’ असं विचारणारं कुणीतरी समोर लागतं. आणि जगणंच नको वाटत असेल तर ॲप चाळत बसू नये, पुढच्या आठवड्याच्या वेळेची वाटही पाहू नये. १४४१६ ला लगेच फोन लावावा किंवा घरातल्या कुणाला तरी सोबत घेऊन जवळच्या रुग्णालयात जावं.

‘हे सगळं विचारलं तर त्यांना राग येईल’

चांगल्या थेरपिस्टला हे प्रश्न रोज येतात. फी काही शेकड्यांपासून तीन-चार हजारांपर्यंत काहीही असते, आणि परवडत नसलेल्यांसाठी काही जण ती कमी करतात, पण विचारल्याशिवाय ते कळत नाही. फोनवर जीभ अडखळत असेल तर मेसेज पाठवावा. पुढचा मजकूर तसाच उचलून वापरला तरी चालेल:

‘नमस्कार. स्वतःला सतत कमी लेखण्याच्या सवयीवर काम करायचं आहे. आपलं शिक्षण आणि नोंदणी क्रमांक कळवाल का? या विषयावर आपण कोणत्या पद्धतीने काम करता? सत्र मराठीत होईल का, किती मिनिटांचं असतं, फी किती, आणि कमी फीची सोय आहे का? ऐनवेळी सत्र रद्द करावं लागलं तर पैसे परत मिळतात का? पहिल्या दोन भेटींनंतर पुढे जायचं की नाही ते ठरवेन.’

शेवटचं वाक्य गाळू नका. त्यामुळे नको असेल तेव्हा ‘नको’ म्हणणं तुम्हालाच सोपं जातं. या मेसेजला सरळ उत्तरं आली तर पहिली वेळ ठरवा. शिक्षणाचा प्रश्न टाळून थेट पैसे भरण्याची लिंक आली, तर पुढच्या नावाकडे वळा.