काजू तोडून लवंग लावू काय?

आजचा भाग मामाच्या फोनमुळं झाला. मामाचं शेत चंदगड तालुक्यात. त्यानं कुठलीशी रील बघितली, 'लवंग लावा, लखपती व्हा' छाप, आणि मला विचारलं, "काजू तोडून हे लावू काय रे?" आता काजूवर त्यांचं वर्षाचं घर चालतं. म्हटलं, थांब, जरा बघून सांगतो.

तर लवंग म्हणजे न उमललेली कळी. हिरवी कळी गुलाबी व्हायला लागली की हातानं खुडायची. उमलली की भाव गेला. चार-पाच दिवस उन्हात वाळवली की वजन तिसऱ्या हिश्श्यावर येतं. झाड आपल्या जांभळाच्याच कुळातलं. (लवंगी मिरचीचा काही संबंध नाही हं, ती फक्त दिसायला तशी!)

डब्यातली लवंग पेरून रोप येत नाही. बी पिकलेल्या फळात असतं आणि ते वाळलं की मरतं, म्हणून लगेच पेरावं लागतं. मूळ गाव इंडोनेशियातली मोलुक्का बेटं. डचांनी तिथं मक्तेदारी ठेवली होती, शेवटी 1770 मध्ये पिअर प्वाव्र या फ्रेंच माणसानं रोपं मॉरिशसला पळवली. आपल्याकडं कन्याकुमारीच्या डोंगरातल्या लवंगेला 2021 मध्ये जीआय मानांकन मिळालं.

मग कोल्हापूर? शिरोळची काळी, पाणी धरणारी जमीन विसरा. लवंगेला निचरा, दमट हवा आणि सावली लागते. चंदगड-आजऱ्याची तांबडी माती, भरपूर पाऊस हे जमतं. पण उन्हाळ्यात पाणी द्यावंच लागतं आणि लहान रोपाला ऊन सोसत नाही. म्हणूनच रत्नागिरीजवळ भाट्ये इथल्या नारळ संशोधन केंद्राच्या 'लाखी बागे'त मसाल्याची झाडं नारळाच्या सावलीत घेतात. उघड्या रानात नाही.

आता खरा मुद्दा. पहिली कळी सात-आठ वर्षांनी. पंधराएक वर्षांच्या झाडाला सरासरी दोन किलो वाळलेली लवंग. कळ्या एकदम तयार होत नाहीत, फांद्या ठिसूळ, त्यामुळं शिडी लावून पुन्हा पुन्हा तोडणी. तोवर काजूशिवाय खायचं काय?

हे सगळं मामाला सांगितलं. तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "ओढ्याकडंला नारळाची पंधरा झाडं हाईत. तिथं धा रोपं लावतो. काजूला हात न्हाई लावत."

त्याची नात आता अंगणवाडीत आहे. पहिल्या तोडणीला शिडी तीच धरणार म्हणे.