अटी घालणारी दाती : मेरी एलिझाबेथ गॅरेट

वाचकहो, मोठ्या रुग्णालयाच्या प्रवेशद्वारी लावलेली संगमरवरी पाटी आपण पुष्कळदा वाचतो. अमुक शेठजींच्या स्मरणार्थ तमुक इमारत, अमुक कुटुंबीयांकडून शस्त्रक्रियागृह. दात्यांची नावे दगडावर राहतात आणि आपण केसपेपरच्या रांगेत उभे राहतो. दाता पैसा देतो, त्या पैशांतून इमारत उभी राहते आणि आत डॉक्टर कसा घडावा हे डॉक्टरमंडळी ठरवितात, अशी ही सर्वमान्य वाटणी आहे. ही वाटणी न मानणाऱ्या एका अमेरिकन धनिक कन्येची ही हकीकत. ती स्वतः डॉक्टर नव्हती. महाविद्यालयाची पायरीही तिला कधी चढू दिली गेली नव्हती. तरीही आज जगभर वैद्यकीय शिक्षणाचा जो कस मानला जातो, त्याच्या घडणीत तिचा मोठा वाटा आहे.

मेरी एलिझाबेथ गॅरेट हिचा जन्म ५ मार्च १८५४ रोजी बाल्टिमोर येथे झाला. वडील जॉन वर्क गॅरेट हे बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेचे अध्यक्ष, म्हणजे त्या काळच्या अमेरिकेतील बड्या धनिकांपैकी एक. भावांच्या पाठीवरची ही मुलगी बालपणी पायाच्या घोट्याच्या दुखण्याने बराच काळ जखडलेली होती. पुढे तिची बुद्धी पाहून वडिलांनी तिला आपल्या हाताखाली घेतले. व्यवसायाच्या प्रवासात ती त्यांच्यासोबत असे, त्यांची पत्रे लिही आणि मोठमोठ्या उद्योगपतींच्या वाटाघाटी मुकाट्याने ऐके. ही मुलगा असती तर बरे झाले असते, अशी हळहळ वडिलांना वाटे. मात्र कॉलेजात जाऊन शिकण्याची तिची इच्छा त्यांनी पुरी होऊ दिली नाही. १८८४ मध्ये वडील वारले आणि वयाच्या तिसाव्या वर्षी, अविवाहित असलेली मेरी प्रचंड संपत्तीची धनीण झाली.

ही संपत्ती कोठून आली, हेही सांगितले पाहिजे. दानशूरांची चरित्रे लिहिताना हा भाग बहुधा गाळला जातो. १८७७ च्या जुलैमध्ये याच रेल्वेने आपल्या कामगारांच्या वेतनात दहा टक्के कपात केली. त्यातून मार्टिन्सबर्ग येथे सुरू झालेला संप देशभर पसरला आणि बाल्टिमोरच्या रस्त्यांवर सैनिकांच्या गोळ्यांनी माणसे मेली. पुढे ज्या पैशांतून डॉक्टर घडले, त्यात या कामगारांच्या घामाचाही अंश होता. त्यांच्या नावाची पाटी मात्र कोठेही नाही.

आता त्या वेळचे वैद्यकीय शिक्षण कसे होते, ते पाहू. आपल्या मुलांना प्रवेशपरीक्षेसाठी वर्षानुवर्षे झिजताना पाहणाऱ्या पालकांना ते खरे वाटणार नाही. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील बहुसंख्य वैद्यकीय शाळा या फी घेऊन चालविलेली खासगी दुकानेच होती. प्रवेशासाठी पदवी लागत नसे. कित्येक ठिकाणी माध्यमिक शिक्षणही पुरे केलेले नसले तरी चाले. काही महिन्यांच्या व्याख्यानांची दोन सत्रे ऐकली की मनुष्य डॉक्टर होई. प्रत्यक्ष रुग्णाला हात न लावताच पदवी मिळविणारे कितीतरी असत.

स्त्रियांची वाट तर याहून अरुंद होती. एलिझाबेथ ब्लॅकवेल १८४९ मध्ये डॉक्टर झाली खरी, पण नंतरची कित्येक वर्षे स्त्रियांना मुख्यतः त्यांच्यासाठीच काढलेल्या वेगळ्या महाविद्यालयांत शिकावे लागे. आपल्या आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये पदवीधर झाल्या, त्या फिलाडेल्फियातील अशाच एका महिला वैद्यकीय महाविद्यालयातून. त्या मायदेशी परतल्या आणि १८८७ च्या फेब्रुवारीत क्षयाने गेल्या. फिलाडेल्फियापासून रेल्वेने काही तासांच्या अंतरावर असलेल्या बाल्टिमोरमध्ये त्याच सुमारास एक वेगळाच पेच निर्माण होत होता.

जॉन्स हॉपकिन्स हा तेथील अविवाहित व्यापारी १८७३ मध्ये वारला. विद्यापीठ आणि रुग्णालय यांसाठी त्याने सत्तर लाख डॉलर ठेवले होते. विद्यापीठ १८७६ मध्ये सुरू झाले, रुग्णालय १८८९ मध्ये. या दोहोंना जोडणारे वैद्यकीय महाविद्यालय तेवढे राहिले. कारण विद्यापीठाचा बहुतेक निधी बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेच्या समभागांत गुंतलेला होता, ते विकू नयेत असे खुद्द दात्यानेच सुचविले होते, आणि रेल्वे डबघाईस येऊन लाभांश थांबला होता. रुग्णालय सज्ज होते, नामांकित प्राध्यापक येऊन बसले होते आणि विद्यार्थ्यांसाठी तिजोरीत पैसा नव्हता. गॅरेट घराण्याच्या रेल्वेने निर्माण केलेली अडचण गॅरेट घराण्याच्याच कन्येने हेरली, हा योगायोग मोठा विलक्षण आहे.

मेरी एकटी नव्हती. एम. कॅरी थॉमस, मेमी ग्विन, एलिझाबेथ किंग आणि ज्युलिया रॉजर्स या तिच्या मैत्रिणी. १८८५ मध्ये या पाचजणींनी मुलींना कॉलेजसाठी कसून तयार करणारी ब्रिन मॉर शाळा बाल्टिमोरात काढली होती. यांपैकी अनेकींचे वडील हॉपकिन्स संस्थेचे विश्वस्त होते. तेव्हा तिजोरीची खरी स्थिती लेकींना ठाऊक असणार, हे सांगायला नकोच. १८९० मध्ये त्यांनी स्त्रियांची निधी समिती स्थापली. शहरोशहरी शाखा निघाल्या. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी कॅरोलिन हॅरिसन यांनीही साहाय्य केले. काही महिन्यांत एक लाख डॉलर उभे राहिले आणि त्यातील जवळजवळ निम्मे मेरीचे होते. अट एकच : स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने प्रवेश.

विश्वस्तांनी पैसे स्वीकारले, अटही मान्य केली आणि त्याचबरोबर सांगितले की पाच लाख जमल्याखेरीज महाविद्यालय सुरू होणार नाही. होकार देऊन काम लांबणीवर टाकण्याची ही रीत कोणत्याही कचेरीत हेलपाटे घातलेल्यांना अपरिचित नाही. विद्यापीठाचे अध्यक्ष गिलमन यांना सहशिक्षण मुळीच पसंत नव्हते. दोन वर्षे गेली; पाच लाख काही जमेनात. मग १८९२ च्या डिसेंबरमध्ये मेरीने उरलेली सारी रक्कम, ३,०६,९७७ डॉलर, स्वतः देऊ केली. या वेळी मात्र अटींची यादी वाढली होती. प्रवेशासाठी पदवी हवी. विज्ञानाची पूर्वतयारी हवी. फ्रेंच व जर्मन भाषा यायला हव्यात, कारण नवे वैद्यकीय संशोधन त्या भाषांत होत होते. अभ्यासक्रम पूर्ण चार वर्षांचा असावा. अटी मोडल्या तर पैसे परत.

प्राध्यापक मंडळी गडबडली. गंमत अशी की या कडक अटी मूळच्या विल्यम वेल्च या त्यांच्याच अग्रणीने पूर्वी एका मसुद्यात लिहून ठेवलेल्या होत्या. अभ्यासिकेत बसून लिहिलेला आदर्श एका बाईने शब्दशः खरा मानला आणि आता तो पाळायची वेळ आली! एवढे शिकलेले विद्यार्थी मिळणार तरी कोठून, ही त्यांची चिंता खोटी नव्हती. बरे झाले, आपण येथे प्राध्यापक म्हणून आलो, विद्यार्थी म्हणून आपल्याला प्रवेश मिळालाच नसता, असे विल्यम ऑस्लर वेल्चना थट्टेने म्हणाले, ते यावरूनच.

१८९३ च्या ऑक्टोबरात महाविद्यालय उघडले. विद्यार्थी अठरा, त्यांत स्त्रिया तीन. त्या तिघींपैकी एकच, मेरी पॅकार्ड, १८९७ मध्ये पदवीपर्यंत पोहोचली. ही संख्या पाहून विरोधकांना हसू आले असेल. पण १९०० मध्ये येथूनच डोरोथी रीड आणि फ्लोरेन्स सॅबिन बाहेर पडल्या. हॉजकिन या लसीकाग्रंथींच्या कर्करोगाचे निदान ज्या पेशीवरून होते, तिच्या नावात रीडचे नाव आहे. आपल्या घरी कोणाचा बायॉप्सी अहवाल आला असेल, तर ‘रीड-स्टर्नबर्ग पेशी’ हे शब्द कदाचित आपण वाचलेही असतील. सॅबिन १९१७ मध्ये हॉपकिन्समधील पहिली स्त्री प्राध्यापक झाली; तथापि विभागप्रमुखाचे पद तिला डावलून पुरुषाला देण्यात आले. दार उघडणे आणि आत मानाची खुर्ची मिळणे या दोन गोष्टी वेगळ्या असतात.

रुग्णाच्या दृष्टीने सर्वांत मोठा लाभ निराळाच होता. ऑस्लरनी विद्यार्थ्यांना वर्गातून उठवून वॉर्डात, रुग्णाच्या खाटेपाशी नेले. आपल्याकडील शिकवणी रुग्णालयांत सकाळच्या फेरीत मोठ्या डॉक्टरांमागे विद्यार्थ्यांचा घोळका चालतो, त्या पद्धतीला येथूनच मोठे बळ मिळाले. वाचकहो, तो घोळका पाहून आपण कधी त्रासलाही असाल. परंतु आपली नाडी पाहणाऱ्याने पूर्वी शेकडो नाड्या देखरेखीखाली पाहिलेल्या असाव्यात, हे त्या घोळक्यामुळेच साधते.

या कसाला दुसरी बाजूही आहे. १९१० मध्ये एब्राहम फ्लेक्सनर यांनी अमेरिकेतील वैद्यकीय शाळांची पाहणी करून अहवाल दिला. हॉपकिन्स हा त्यांचा मानदंड होता. बेजबाबदार शाळा बंद पडल्या, हे चांगलेच झाले. पण कृष्णवर्णीयांसाठीच्या सातपैकी पाच शाळाही बंद झाल्या, आणि हॉपकिन्सच्या वैद्यकीय महाविद्यालयाने पहिल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेश दिला तो १९६३ मध्ये. मेरीच्या अटींत स्त्री-पुरुष समानता होती. वर्णाचा उल्लेख नव्हता. एवढ्या बारकाईने अटी लिहिणाऱ्या बाईची ही उणीव डोळ्यांत भरते.

मेरीने पुढे स्त्रीमताधिकाराच्या चळवळीलाही सढळ हाताने साहाय्य केले. ब्रिन मॉर कॉलेजला दरसाल दहा हजार डॉलर देऊ करताना ‘अध्यक्षपद कॅरी थॉमसला मिळाले तर’ ही अट जोडायला ती विसरली नाही. वेल्च, ऑस्लर, हॉल्स्टेड आणि केली या हॉपकिन्सच्या चार दिग्गजांचे भव्य चित्र तिनेच जॉन सिंगर सार्जंट या विख्यात चित्रकाराकडून काढवून घेतले. अखेरची वर्षे तिने ब्रिन मॉर येथे थॉमसच्या सहवासात काढली आणि ३ एप्रिल १९१५ रोजी रक्ताच्या कर्करोगाने तिचा अंत झाला.

त्यानंतर काही वर्षांनी हेलन टॉसिग नावाची एक तरुणी हार्वर्डमध्ये शिकू पाहत होती. तेथे स्त्रियांना वैद्यकीय पदवी मिळत नसे. ती १९४५ पर्यंत त्यांना बंदच होती. टॉसिग बाल्टिमोरला आली आणि १९२७ मध्ये हॉपकिन्समधून डॉक्टर झाली. जन्मतः हृदयदोष असलेली, ओठ व नखे निळी पडलेली बालके तिच्याकडे येत आणि दगावत. फुप्फुसांकडे जाणारे रक्त वाढविले तर ही मुले वाचतील, हा विचार तिने मांडला. शल्यविशारद आल्फ्रेड ब्लॅलॉक आणि त्यांचे कृष्णवर्णीय साहाय्यक व्हिव्हियन थॉमस यांनी त्याची शस्त्रक्रिया सिद्ध केली. २९ नोव्हेंबर १९४४ रोजी हॉपकिन्सच्या शस्त्रक्रियागृहात ती प्रथम एका लहान मुलीवर करण्यात आली. पदवी नसलेले व्हिव्हियन थॉमस त्या वेळी ब्लॅलॉक यांच्या मागे स्टुलावर उभे राहून त्यांना एकेक टाका सांगत होते.