पूल कोठून कोठपर्यंत?

पूल किती लांब, हा प्रश्न पोराटोरांच्या तोंडचा वाटतो. परंतु मोजणीच्या साखळीचें पहिलें टोंक कोठें ठेवावयाचें व दुसरें कोठें, हें ठरल्यावांचून त्याचें उत्तर देतां येत नाहीं. २०११ सालीं याच मुद्द्यावर मोठा वाद झाला.

अमेरिकेच्या लुइझियाना संस्थानांत पाँचरट्रेन नांवाचें सरोवर आहे. त्यावर १९५६ सालीं एक व १९६९ सालीं त्याच्या शेजारीं दुसरा, असे सुमारें ३८ किलोमीटर लांबीचे जोडपूल झाले. पाण्यावरील सर्वांत लांब पूल हा मान पुष्कळ वर्षें त्यांचा होता. २०११ च्या जून महिन्यांत चीनमधील जिआओझोउ उपसागरावर पूल खुला झाला. त्याची लांबी ४१ किलोमीटरांहून अधिक सांगण्यांत आली, आणि विक्रमांची नोंद ठेवणाऱ्या गिनेस ग्रंथाच्या संपादकांनीं तो मान त्यास दिला. लुइझियानाच्या लोकांनीं हरकत घेतली. चीनच्या आंकड्यांत जमिनीवरील भागही धरला होता. केवळ पाण्यावरील भाग सुमारें २६ किलोमीटरच होता. अखेर संपादकांनीं मानाचेच दोन भाग केले. सलग पाण्यावरून जाणारा सर्वांत लांब पूल अमेरिकेचा, व एकूण बेरजेनें लांब तो चीनचा! दोघांचेंही समाधान झालें, पण मोजण्याचा प्रश्न होता तेथेंच राहिला.

मुंबईचा अटल सेतु २०२४ च्या जानेवारींत खुला झाला. त्याची लांबी २१.८ किलोमीटर सांगतात. पैकीं समुद्रावर सुमारें १६.५. दोन्ही आंकडे खरे आहेत.

बेरीजच करावयाची तर बीजिंग-शांघाय वेगवान लोहमार्गावरील दानयांग-कुनशान पुलापुढें हे सर्व ठेंगणे ठरतात. त्याची लांबी १६४ किलोमीटरांहून अधिक आहे. परंतु त्याचा बराच मोठा भाग भातशेतें आणि कालवे यांवरून जातो. तेथील मऊ जमिनीवर मातीचा भराव घालून रूळ टाकले तर ते खचण्याचें भय, म्हणून मार्गच खांबांवर उचलला आहे. दोन आधारांमधील अंतरास गाळा म्हणतात. या पुलाचे बहुतेक गाळे सुमारें ३२ मीटरांचे आहेत. एकच पाऊल पुनःपुन्हा टाकावें, तसा हा प्रकार.

स्थापत्यविशारदाची खरी कसोटी गाळ्यांत लागते. जपानांतील आकाशी सामुद्रधुनीवरील झुलता पूल १९९८ सालीं खुला झाला. तो सगळा मिळून चार किलोमीटरांचाही नाहीं. पण त्याच्या दोन मनोऱ्यांमध्यें १९९१ मीटर अंतर आहे, आणि तेवढ्यांत खालून एकही आधार नाहीं. सारा भार पोलादी दोरखंडांवर! आराखड्यांत हें अंतर १९९० मीटर होतें. १९९५ च्या जानेवारींत कोबेचा भूकंप झाला, तेव्हां मनोरे व दोरखंड तयार होते, रस्त्याचा सांगाडा मात्र अद्याप टांगावयाचा होता. भूमि सरकली व मनोऱ्यांमधील अंतर जवळजवळ एक मीटरनें वाढलें. मनोरे पाडावे लागले नाहींत. सांगाड्याचें मापच नव्या अंतराशीं जुळवून घेतलें.

२०२२ च्या मार्च महिन्यांत तुर्कस्तानांत दार्दानेल्स सामुद्रधुनीवरील चानाक्कालेच्या पुलानें आकाशीस मागें टाकलें. त्याचा मधला गाळा २०२३ मीटरांचा आहे. तुर्की प्रजासत्ताकास २०२३ सालीं शंभर वर्षें पुरीं व्हावयाचीं होतीं, म्हणून हा आंकडा निवडला होता. येथें साखळी हातीं धरण्यापूर्वींच लांबी ठरली होती.