वडाळ्याच्या नकाशाला अंश-मिनिटांची पट्टी



अक्षवृत्तं आणि रेखावृत्तं शिकवताना आपण पृथ्वीगोल फिरवतो, भिंतीवरचा जगाचा नकाशा दाखवतो. मुलं विषुववृत्त, कर्कवृत्त पाठ म्हणतात. पण गेल्या वर्षी पाचवीतल्या एका मुलाने विचारलं, "बाई, या रेघा वडाळ्यावरून जातात का?" मी म्हटलं, जातात. "मग आपल्या नकाशात का नाहीत?"

त्याचं म्हणणं बरोबर होतं. परिसराचा नकाशा म्हणून मी दरवर्षी जे प्रिंट वाटते, त्यावर रस्ते, स्टेशनं, दवाखाना सगळं असतं, पण कडेला अंशांचे आकडे नसतात. मुलांच्या मनात मग पक्कं बसतं, की अक्षांश-रेखांश ही लंडन-अमेरिकेची गोष्ट आहे, आपल्या गल्लीशी त्याचा संबंध नाही. म्हणून ठरवलं, वडाळ्याच्या नकाशाला अंशांची पट्टी लावायची. त्यासाठी क्यूजीआयएस हे मोफत सॉफ्टवेअर वापरलं. साधारण लॅपटॉपवर चालतं. मी काही संगणकवाली नाही, डीएड केलेली साधी शिक्षिका आहे, त्यामुळे चुका भरपूर झाल्या. त्या चुकांसकट सांगते.

सॉफ्टवेअर उघडलं की डाव्या बाजूच्या ब्राउझर पॅनेलमध्ये 'एक्सवायझेड टाइल्स' दिसेल. त्याखालच्या 'ओपनस्ट्रीटमॅप'वर दोनदा क्लिक केलं की जगाचा नकाशा येतो (इंटरनेट लागतं). त्यातून मुंबई, मग वडाळा असं मोठं करत जायचं. मी कॉटन ग्रीनपासून किंग्ज सर्कलपर्यंतचा भाग घेतला. नंतर 'प्रोजेक्ट' मेनूतून 'न्यू प्रिंट लेआउट' घ्यायचं आणि कोऱ्या पानावर 'ॲड मॅप'ने चौकोन ओढायचा. इथपर्यंत कुणालाही जमेल.

पट्टी लावायची ती या चौकोनाला. चौकोन निवडला की उजवीकडे 'आयटम प्रॉपर्टीज' येतं. त्यात खाली 'ग्रिड्स' आहे. हिरव्या अधिक चिन्हावर क्लिक करून नवी ग्रिड घ्यायची, मग 'मॉडिफाय ग्रिड'. आपल्या पाठ्यपुस्तकात जिला वृत्तजाळी म्हणतात, तीच ही.

इथे मी पहिल्यांदा आपटले. अंतर टाकलं, 'ड्रॉ कोऑर्डिनेट्स'वर खूण केली, आणि कडेला आकडे आले ८१ लाख आणि २१ लाख! अक्षांश तर नव्वदच्या पुढे जातच नाहीत. झालं असं होतं, की इंटरनेटवरून येणारा हा नकाशा अंशांत नाही, मीटरमध्ये मांडलेला असतो. ग्रिडला वेगळं काही सांगितलं नाही तर ती नकाशाचीच मापं उचलते. म्हणून ग्रिडच्या पानावर 'सीआरएस' असं जिथे लिहिलंय, तिथे 'चेंज' करून 'ईपीएसजी ४३२६' निवडायचं. ही अंशांची पद्धत. नकाशा मीटरमध्येच राहतो, फक्त त्याच्यावरची जाळी अंशांत बोलू लागते. बहुतेकांचं घोडं याच जागी अडतं, म्हणून हे वाक्य वहीत लिहून ठेवा.

मग मी 'इंटरव्हल'मध्ये आडव्या-उभ्या दोन्हीला १ टाकलं, म्हणजे दर एक अंशाला एक रेघ. नकाशावर एकच आडवी रेघ उमटली. उभी एकही नाही. वाटलं, पुन्हा काहीतरी बिघडलं. खरं तर काहीच बिघडलं नव्हतं. आमचा नकाशा एका अंशाच्या दहाव्या भागाएवढाही नाही, तर दर अंशाच्या रेघा त्यात येणार कुठून? आणि जी एक आली होती, ती बघून मीच खुर्चीतून उठले. ते होतं १९ अंश उत्तर अक्षवृत्त, आणि ते चाललं होतं शिवडी स्टेशनच्या अगदी लगतून. इतकी वर्षं हार्बरने येते-जाते, रोज ही रेघ ओलांडते, आणि मला पत्ता नाही! हीच रेघ पूर्वेला माथेरानजवळून आणि पुढे बीड शहराजवळून जाते. वर्गात हे सांगितलं तेव्हा बीडकडचं गाव असलेला एक मुलगा असा ताठ बसला, की जणू रेघ त्याच्याच घरची.

एका अंशात ६० मिनिटं. आम्हाला दर मिनिटाला रेघ हवी होती. १ भागिले ६० म्हणजे ०.०१६६६६... मी कंटाळून ०.०१६७ टाकलं. 'फ्रेम'मध्ये 'झेब्रा' निवडलं, म्हणजे ॲटलाससारखी काळ्या-पांढऱ्या ठोकळ्यांची चौकट येते. एक ठोकळा म्हणजे एक मिनिट, मुलांना मोजायला सोपं. आकड्यांसाठी 'फॉरमॅट'मध्ये अंश-मिनिटांचा पर्याय घेतला आणि 'प्रिसिजन' शून्य ठेवलं, म्हणजे नुसतं १९°००′, १९°०१′ असं स्वच्छ दिसतं. इतका देखणा नकाशा झाला, की मी चाळीस प्रती काढल्या आणि पालकांच्या ग्रुपवरही टाकला.

दुसऱ्या दिवशी शिवडीहून येणारी एक मुलगी म्हणाली, "बाई, तुमची १९ ची रेघ चुकीच्या जागी आहे." तिने वडिलांच्या फोनवर, रेघ ज्या रस्त्यावर दिसत होती तिथे बोट दाबून धरलं होतं. फोनने १९.००४६ दाखवलं होतं. १९ पूर्ण तर स्टेशनजवळ होतं, अर्धा किलोमीटर दक्षिणेला.

घरी येऊन आकडेमोड केली. सॉफ्टवेअर रेघा मोजतं ते विषुववृत्तापासून. मिनिटा-मिनिटाने १९ अंशांपर्यंत यायला १,१४० पावलं लागतात. माझ्या ०.०१६७ मुळे प्रत्येक पाऊल केसभर मोठं पडत होतं, आणि १,१४० पावलांत ते ०.०३८ अंश, म्हणजे सव्वादोन मिनिटांहून जास्त साचलं. त्यामुळे १,१३८ वी रेघच १९ अंशांच्या पुढे जाऊन बसली होती, पाव मिनिटाहून थोडी जास्त. आणि प्रिसिजन शून्य असल्याने लेबलने तो पाव मिनिट गिळून १९°००′ छापलं. रेघ चुकीची, आकडा दिसायला अगदी बरोबर!

तेव्हा आकडा पूर्ण टाका: ०.०१६६६६६६७. आणि आधी प्रिसिजन २ ठेवून बघा. मिनिटांच्या पुढे .०० आलं तर रेघ जागेवर आहे, .२८ वगैरे आलं तर पाऊल चुकलंय. खात्री झाल्यावरच शून्य करा. ग्रुपवर मी चूक कळवली, आणि चाळीस प्रती परत घेऊन पाठकोऱ्या कामासाठी ठेवल्या.

नव्या नकाशाने मात्र कमाल केली. १९°०१′ ची रेघ वडाळा रोड स्टेशनजवळून गेली, १९°०२′ किंग्ज सर्कलच्या आसपास. म्हणजे शिवडी ते वडाळा, हार्बरचं एक स्टेशन, बरोबर अक्षांशाचं एक मिनिट, सुमारे १.८४ किलोमीटर! एक पोरगा लगेच म्हणाला, "पण गाडीला तर एक मिनिटापेक्षा जास्त लागतं." कोनाचं मिनिट वेगळं आणि घड्याळाचं वेगळं, हे समजावायला याहून चांगली संधी कुठली मिळणार? त्याच ओघात रेखांशही झाले. पृथ्वी ४ मिनिटांत १ अंश फिरते, म्हणून कोनाच्या एका मिनिटाला ४ सेकंद. दादर आणि वडाळा रोड या स्टेशनांच्या रेखांशांत जवळपास एक मिनिटाचा फरक आहे, म्हणजे सूर्य वडाळ्याच्या डोक्यावर दादरच्या ४ सेकंद आधी येतो. हे ऐकून वडाळकरांनी टाळ्या वाजवल्या. भारतीय प्रमाणवेळ मात्र ८२°३०′ पूर्वेची, म्हणून आपली खरी दुपार घड्याळात सरासरी साडेबाराच्या पुढेच होते, हेही सांगून घेतलं.

बारीक नजरेच्या मुलांना नकाशावरचे चौकोन थोडे उभट दिसतील. ते बरोबर आहे. वडाळ्यात रेखांशाचं एक मिनिट सुमारे १.७५ किलोमीटरच भरतं, कारण ध्रुवाकडे जाताना रेखावृत्तं जवळ येतात.

अक्षरांचं एक राहिलं. सॉफ्टवेअर दिशा इंग्रजीत छापतं आणि आकडेही तसेच. 'कस्टम' पर्याय आहे, पण सूत्र लिहावं लागतं. मी सरळ आकडे बंद करून पट्टी तेवढी छापली, आणि 'उ.', 'पू.' सकट अंश-मिनिटं मुलांकडून पेनने लिहून घेतली. कोणती रेघ किती, हे फोनवर तपासायचं काम त्या शिवडीच्या मुलीकडे दिलंय.