पंचनाम्यापलीकडचे ९४ किलोमीटर

२३ डिसेंबर २०१२, रविवार. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर उर्से टोलनाक्याच्या परिसरात एक टेम्पो दुभाजक ओलांडून पलीकडच्या मार्गिकेत घुसला आणि समोरून येणाऱ्या मोटारीवर आदळला. मोटारीत अभिनेते आनंद अभ्यंकर आणि अक्षय पेंडसे होते. दोघेही गेले, पेंडसे यांचा चिमुकला मुलगाही गेला. त्याआधी फेब्रुवारी २००१ मध्ये याच मार्गावर भाताण बोगद्याजवळ अभिनेत्री भक्ती बर्वे यांचा अपघाती मृत्यू झाला होता. दोन्ही वेळा महाराष्ट्र हळहळला, वेगाच्या नावाने बोटे मोडली गेली आणि वाहतूक पूर्ववत सुरू झाली.

टेम्पो दुभाजक ओलांडू शकलाच कसा, हा प्रश्न मात्र फार थोड्यांनी विचारला. तो विचारणारी काही माणसे त्या वेळी याच रस्त्यावर काम करत होती.

जे. पी. रिसर्च इंडिया या संस्थेने ऑक्टोबर २०१२ पासून या मार्गावरच्या अपघातांचा वर्षभर अभ्यास केला. खबर आली की संशोधक टेप, खडू आणि कॅमेरा घेऊन घटनास्थळी जात. टायर घासल्याचा काळा पट्टा कुठून सुरू झाला, किती मीटर गेला, हे मोजत. पट्टाच नसेल तर चालकाने ब्रेक दाबलाच नाही, कदाचित त्याचा डोळा लागला असेल, ही शक्यता तपासत. गाडीचा पत्रा किती सेंटिमीटर आत दबला, ती कशावर आदळली, सीटबेल्टवर ताण आल्याची खूण आहे की पट्टा कोरा आहे, याची नोंद होई. वर्षभरात दोनशेहून अधिक अपघात असे तपासले गेले. चालकाची झोप आणि वेग ही कारणे ठळकपणे पुढे आली. त्यांच्या जोडीला रस्त्याकडेचे उघडे कठडे, पुलांचे खांब आणि न लावलेले सीटबेल्टही आले.

पोलिस ठाण्यातल्या फिर्यादीत यातले फारसे काही सापडत नसे. ‘हयगयीने, अविचाराने व भरधाव वेगाने वाहन चालवून’ हे शब्द वर्षानुवर्षे जसेच्या तसे उतरवले जात. यात पोलिसांचा दोष नाही. न्यायालयात गुन्हा सिद्ध करायचा तर गुन्हेगार कोण हेच आधी सांगावे लागते. पण चालक दोषी ठरला तरी ज्या खांबावर आदळून माणूस मेला, तो खांब तसाच उभा राहतो आणि पुढच्या डुलकीची वाट पाहतो.

२०१६ मध्ये सेव्हलाइफ फाउंडेशन, महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळ, महामार्ग पोलिस आणि महिंद्रा अँड महिंद्रा यांनी मिळून हा मार्ग ‘शून्य मृत्यू मार्गिका’ करण्याचा उपक्रम हाती घेतला. त्या वर्षी सुमारे ९४ किलोमीटरच्या या रस्त्यावर १५१ माणसे मेली. म्हणजे दर दोन किलोमीटरला तीन मृत्यू. जून महिन्यात पनवेलजवळ शेडुंग येथे कडेला थांबलेल्या मोटारींना धडक देऊन एक खासगी बस खाली कोसळली आणि १७ जणांचा बळी गेला. रस्त्याच्या कडेला थांबलेले वाहन किती घातक ठरते, ते त्या पहाटे साऱ्या राज्याला दिसले.

उपायही तपासातून निघालेल्या कारणांना धरूनच आखले गेले. वाहने मागून धडकतात म्हणून कडेला थांबणाऱ्या ट्रकवर गस्तीची नजर आली. अवजड वाहने उजवी मार्गिका अडवतात म्हणून मार्गिकेच्या शिस्तीसाठी कारवाई सुरू झाली. खांब आणि कठडे जिथे उघडे होते, तिथे संरक्षक कठडे बसू लागले. वेग मोजायला लेझर गन आल्या. जखमीला मदत लवकर मिळावी म्हणून रुग्णवाहिकांच्या कामातही लक्ष घातले गेले. यातला एकही उपाय नवलाचा नाही. तो नेमका कुठे करायचा, हे नोंदींमुळे कळले.

मृत्यूंचा आकडा २०१७ मध्ये १०५ वर आला, २०१८ मध्ये ११० झाला, २०२० मध्ये ६६ पर्यंत उतरला. त्या वर्षी टाळेबंदी होती, हे विसरून चालणार नाही. वाहतूक पूर्ववत झाल्यावर आकडा पुन्हा चढला, पण २०१६ च्या पातळीला पोहोचला नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये राजकीय नेते विनायक मेटे यांचा याच मार्गावर मृत्यू झाला. त्यांची मोटार एका अवजड वाहनाला मागून धडकली होती. शून्य अजून दूर आहे.

या काळात नोंदीची पद्धतही बदलली. आयआयटी मद्रासने आराखडा केलेली आणि राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने (एनआयसी) उभारलेली एकात्मिक अपघात माहिती प्रणाली सुरुवातीला ज्या सहा राज्यांत आली, त्यांत महाराष्ट्र होता. आता पोलिस घटनास्थळीच मोबाइलवर ठिकाण, छायाचित्रे आणि वाहनांचा तपशील भरतात. नागपुरात २०२१ पासून बसमध्ये कॅमेरे व सेन्सर बसवून, अपघात होण्याआधीच धोक्याच्या जागा हेरण्याचा प्रयोग झाला.

हे शेवटचे पाऊल महत्त्वाचे आहे. आपल्याकडे साधारण ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले, अथवा दहा बळी गेले, की ती जागा ‘ब्लॅक स्पॉट’ ठरते. म्हणजे सरकारदरबारी नाव लागायला आधी माणसे मरावी किंवा गंभीर जखमी व्हावी लागतात. समृद्धी महामार्ग तर नवाकोरा होता, त्याच्याकडे तीन वर्षांच्या नोंदी नव्हत्याच. डिसेंबर २०२२ मध्ये त्याचा पहिला टप्पा खुला झाला आणि १ जुलै २०२३ रोजी सिंदखेडराजाजवळ बस पेटून २५ प्रवासी गेले. द्रुतगती मार्गाने दहा वर्षांत जे शिकवले, ते पुढचा रस्ता आखतानाच कागदावर उतरायला हवे.

२०२३ मध्ये देशात १ लाख ७२ हजारांहून अधिक आणि महाराष्ट्रात १५ हजारांहून अधिक माणसे रस्त्यावर मेली. त्यांतली बरीच अशा रस्त्यांवर गेली, जिथे कुणी टेप आणि खडू घेऊन पोहोचत नाही. प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली रस्ता सुरक्षा समिती असते. आपल्या गावाजवळच्या वळणावर गेल्या तीन वर्षांत किती अपघात झाले, त्यांची कारणे काय नोंदली गेली आणि त्यानंतर तिथे काय बदलले, हे तीन प्रश्न तिला लेखी विचारा आणि उत्तर ग्रामसभेत वाचून दाखवा.