विश्लेषण : आवडता विषय हाच करिअरचा रस्ता? अकरावीपूर्वी विज्ञानाच्या वाटा कशा ओळखाव्यात?

दहावीचा निकाल लागला की वांद्र्यात शासकीय वसाहतीपासून चिंबई कोळीवाड्यापर्यंत घरोघरी एकच चर्चा सुरू होते. जीवशास्त्र आवडते, म्हणजे डॉक्टर. गणित जमते, म्हणजे इंजिनीअर. हा हिशेब सोपा असला तरी अपुरा आहे. प्रत्येक विषयातून अनेक वाटा फुटतात आणि त्यातल्या बहुतेक वाटांवर दुसरा एखादा विषयही लागतो. त्यामुळे अकरावीत काय घ्यायचे याइतकेच काय सोडायचे, हेही महत्त्वाचे ठरते.

‘विज्ञान आवडते’ म्हणजे नेमके काय?

राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विषयाची दोन पुस्तके आहेत. पहिल्या भागात गुरुत्वाकर्षण, भिंगे, रासायनिक अभिक्रिया, धातुविज्ञान, अवकाश मोहिमा असे धडे आहेत. दुसऱ्या भागात आनुवंशिकता, प्राण्यांचे वर्गीकरण, सूक्ष्मजीवशास्त्र, सामाजिक आरोग्य, आपत्ती व्यवस्थापन येते. गुणपत्रिकेवर हे सगळे ‘विज्ञान’ या एकाच नावाखाली दिसते. ९० गुण मिळवणाऱ्या दोन मुलांपैकी एकाला भिंगांची गणिते आवडलेली असतात, दुसऱ्याला पेशींच्या आकृत्या. म्हणून ‘कोणता विषय आवडतो?’ यापेक्षा ‘कोणता धडा परीक्षा नसतानाही वाचावासा वाटतो?’ हा प्रश्न अधिक उपयोगी आहे.

भौतिकशास्त्राची वाट फक्त अभियांत्रिकीकडे जाते?

नाही. वांद्रे-वरळी सागरी सेतूच्या ताणलेल्या केबल पाहिल्या की स्थापत्य अभियांत्रिकी आठवते, ते स्वाभाविकच आहे. पण भौतिकशास्त्राचे पदवीधर रुग्णालयातही लागतात. कर्करोगाच्या रुग्णाला किरणोपचार देताना मात्रा किती आणि कोणत्या कोनातून, याचा हिशेब मेडिकल फिजिसिस्ट करतो. त्यासाठी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून पुढे विशेष प्रशिक्षण घ्यावे लागते. भाभा अणुसंशोधन केंद्राची रेडिओलॉजिकल फिजिक्समधील पदविका त्यापैकीच एक. डॉक्टर व्हायचे नाही, पण रुग्णांच्या उपयोगी पडायचे आहे, अशा विद्यार्थ्यांना ही वाट सहसा कुणी सांगत नाही.

रसायनशास्त्रात कारखान्यापलीकडे काय?

वांद्रे-कुर्ला संकुलात भारत डायमंड बोर्स हा हिऱ्यांचा मोठा बाजार आहे. हिरा म्हणजे कार्बन, त्याची चमक म्हणजे प्रकाशाचे अपवर्तन आणि परावर्तन. प्रयोगशाळेत हिरे तयार करण्याच्या तंत्रात रसायन आणि भौतिक दोन्ही शास्त्रे एकत्र येतात. जवळच कालिना येथे राज्याची न्यायवैद्यक प्रयोगशाळा आहे. तेथे विष, रक्त, स्फोटके यांच्या तपासणीत रसायनशास्त्राचे ज्ञान कामी येते. माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान संस्था, म्हणजे पूर्वीची यूडीसीटी, १९३३ पासून औषधे, रंग, पॉलिमर, अन्नप्रक्रिया या क्षेत्रांसाठी माणसे घडवत आली आहे.

आवडीचा विषय माणसाला शेजारच्या विषयात कसा नेतो, याचे उत्तम उदाहरण कमला सोहोनी यांचे आहे. मुंबई विद्यापीठात रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्र शिकलेल्या सोहोनी पुढे जीवरसायनशास्त्रात गेल्या. १९३९मध्ये त्यांनी केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. भारतात परतल्यावर नीरा आणि कडधान्यांच्या पोषणमूल्यांवर त्यांनी संशोधन केले.

जीवशास्त्र आवडते, पण डॉक्टर व्हायचे नसेल तर?

आधी डॉक्टर व्हायचे असणाऱ्यांसाठी एक आकडा. ‘नीट’ परीक्षा ७२० गुणांची असते. त्यात जीवशास्त्राचे ३६० गुण असतात, उरलेले ३६० भौतिक आणि रसायनशास्त्राचे. म्हणजे केवळ जीवशास्त्राच्या प्रेमावर निम्मीच परीक्षा पार पडते. भौतिकशास्त्राची गणिते अजिबात नको असतील, तर हे अकरावीच्या आधी कळलेले बरे.

डॉक्टरकी नको असेल, तर सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान, वनस्पतिशास्त्र, पोषण, कृषी, मत्स्यविज्ञान अशा शाखा आहेत. मिठी नदी जिथे माहीमच्या खाडीला मिळते, तिथल्या खारफुटीचा अभ्यास करायला झाडे ओळखणारा माणूस लागतो, तसाच पाण्यातील प्रदूषके मोजणाराही लागतो. वर्सोव्यात १९६१ पासून केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था असून तिथे पदव्युत्तर शिक्षण आणि संशोधन चालते. मासळीची पिढीजात जाण असलेल्या कोळीवाड्यातील मुलांना ही संस्था माहीत असायला हवी.

गणित आणि भूगोल कुठे नेतात?

गणिताची आवड म्हणजे केवळ संगणक अभियांत्रिकी नव्हे. डॉ. जयंत नारळीकर केंब्रिजला गणित शिकले आणि त्या गणिताने त्यांना विश्वाच्या उत्पत्तीच्या प्रश्नापर्यंत नेले. सेबी आणि राष्ट्रीय शेअर बाजाराची मुख्यालये वांद्रे-कुर्ला संकुलात आहेत. अशा वित्तीय जगात संख्याशास्त्रज्ञांना मागणी असते, तर विमा क्षेत्रात जोखमीचा हिशेब मांडणाऱ्या ॲक्च्युअरींना.

भूगोल शाळेत सामाजिक शास्त्रांत मोडतो. त्यामुळे तो आवडणाऱ्याने कला शाखेत जावे, असे गृहीत धरले जाते. मात्र खडक आणि भूकंप यांचा अभ्यास भूविज्ञानात होतो, ढग आणि मान्सून यांचा हवामानशास्त्रात. मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयात भूविज्ञान शिकता येते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत मान्सूनवर संशोधन चालते, पण त्यासाठी भौतिकशास्त्र आणि गणिताचा पाया पक्का लागतो.

अकरावीत एखादा विषय सोडल्यास कोणते दरवाजे बंद होतात?

खरी काळजी इथे घ्यायला हवी. गणित सोडून पीसीबी गट घेतला, तर अभियांत्रिकीच्या बहुतेक शाखा, एनडीएतून नौदल व वायुदल आणि बहुतेक ठिकाणी संख्याशास्त्राची पदवी या वाटा अडतात. जीवशास्त्र सोडून पीसीएम घेतला, तर वैद्यकीय, दंतवैद्यकीय, आयुर्वेद हे अभ्यासक्रम दूर जातात. मात्र राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नोव्हेंबर २०२३मध्ये नियम सैल केला. बारावीनंतर जीवशास्त्र हा अतिरिक्त विषय म्हणून उत्तीर्ण झालेल्यांनाही आता ‘नीट’ देता येते. बी.फार्म.साठी भौतिक आणि रसायनशास्त्रासोबत गणित किंवा जीवशास्त्र यांपैकी एक पुरते.

मूलभूत विज्ञानाकडे जाणाऱ्यांना थोडी अधिक मोकळीक आहे. पुण्यासह देशभरातील ‘आयसर’ संस्थांच्या प्रवेश परीक्षेत भौतिक, रसायन, गणित, जीवशास्त्र यांचे प्रत्येकी १५ प्रश्न असतात. बारावीला या चारपैकी किमान तीन विषय असले तरी चालते, पण परीक्षेत चौथा विषयही समोर येतोच. वांद्र्याच्या जवळ, कालिना संकुलात मुंबई विद्यापीठ आणि अणुऊर्जा विभाग यांचे मूलभूत विज्ञान केंद्र आहे. तिथे ‘नेस्ट’ परीक्षेतून पाच वर्षांच्या एकात्मिक एम.एस्सी.ला प्रवेश मिळतो.

निर्णय पक्का नसलेल्यांसाठी गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घेण्याचा पर्याय आहे. त्यात दरवाजे उघडे राहतात, पण अभ्यासाचा भार वाढतो. दोन्ही विषय किमान बरे जमणाऱ्यांनीच तो घ्यावा.

मग ठरवायचे कसे?

पहिली गोष्ट, विषय आवडतो की तो शिकवणारे शिक्षक, हे तपासावे. डॉ. रघुनाथ माशेलकर यांनी शाळेत शिक्षकांनी दाखवलेल्या भिंगाच्या प्रयोगाची आठवण अनेकदा सांगितली आहे. तो प्रयोग भौतिकशास्त्रातला होता, पुढे ते झाले केमिकल इंजिनीअर. चांगला शिक्षक गोडी लावतो, रस्ता मात्र ज्याचा त्यालाच शोधावा लागतो.

दुसरी गोष्ट, कामाचा प्रकार पाहावा. तासन्‌तास एकाच गणिताशी झुंजणे, प्रयोगशाळेत तोच प्रयोग पुन्हा पुन्हा करणे, चिखलात उतरून नमुने गोळा करणे की रुग्णांशी बोलणे, यांपैकी कशाचा कंटाळा येत नाही? विषय तोच असला तरी ही कामे वेगवेगळी आहेत.

तिसरी गोष्ट, सुट्टीत चव घेऊन पाहावी. वरळीचे नेहरू विज्ञान केंद्र लोकलने जवळ आहे. मानखुर्दचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र विज्ञान ऑलिम्पियाडचे काम पाहते. ऑलिम्पियाडच्या जुन्या प्रश्नपत्रिका सोडवायला घेतल्या तरी आवड किती खोल आहे, हे आठवडाभरात कळते.

शेवटची गोष्ट पालकांसाठी. अकरावीची प्रवेशप्रक्रिया ऑनलाइन असते आणि पसंतीक्रम भरायला दिवस मोजके मिळतात. क्लासचे शुल्क भरण्याआधी मुलासोबत बसून एका कागदावर दोन रकाने आखावेत. एकात या गटाने उघडणाऱ्या वाटा लिहाव्यात, दुसऱ्यात बंद होणाऱ्या. दुसऱ्या रकान्यातली एकही वाट मुलाच्या मनात घोळत असेल, तर अर्ज ‘सबमिट’ करण्यापूर्वी पुन्हा बोलावे.